मिठाच्या पेटीतले बारा तुकडे

"निळ्या तुझ्या, पिवळ्या माझ्या," असं म्हणत मास्तरांनी धाकटीच्या हातून आपल्या चिठ्ठ्या काढून घेतल्या.

लेपांच्या प्रयोगशाळेत मास्तर सगळ्यांत जुने, धाकटी त्यांच्या हाताखालची. दोघांच्या लेपांची परीक्षा घ्यायला मॅग्नेशियमचे बारा तुकडे मिठाच्या पेटीत जायचे होते. सहांवर मास्तरांचा लेप, सहांवर धाकटीचा. पेटीत वीस दिवस खाऱ्या पाण्याचं धुकं सुटणार. मॅग्नेशियम वजनाला हलकं, पण मिठापुढे त्याचं काही चालत नाही; लेप फाटला की पांढरी भुकटी धरते. ज्याचा लेप टिकेल त्याची नोकरी टिकेल, दुसऱ्याने घरी बसायचं. साहेबांनी हे अगदी गोड बोलून सांगितलं होतं.

प्रत्येकाने आपापल्या तुकड्यांच्या पाठीवर नंबर ठोकले होते, धाकटीने एक ते सहा, मास्तरांनी सात ते बारा. मास्तरांचा सात नेहमीसारखा तिरका. पण लेपाखाली सगळे नंबर गडप झाले होते. आता कुणाचा तुकडा कुठला ते चिठ्ठीच सांगणार. चिठ्ठ्या दोऱ्याने बांधताना मास्तरांनी एकेरी गाठी मारल्या, धाकटीने दुहेरी.

"मास्तर, सुटतील हो तुमच्या."

"तीस वर्षांत एक सुटली नाही. तू तुझं बघ."

सोळाव्या दिवसापर्यंत रोज पेटी उघडून वहीत नोंद करायची होती; मग पेटीला कुलूप, ते साहेब विसाव्या दिवशीच काढणार. विषम दिवस धाकटीचे, सम दिवस मास्तरांचे.

सोळाव्या दिवशी मास्तरांनी झाकण उचललं. निळ्या चिठ्ठीच्या सहाही तुकड्यांवर पांढरं फुटलं होतं. पिवळे लख्ख. आदल्या दिवशी धाकटीने 'बदल नाही' असं लिहिलं होतं. मॅग्नेशियमचं हे असंच, एका रात्रीत दगा देतं.

खरं तर त्यांनी आनंदाने उडी मारायची. पण गेल्या वर्षी आजारातून उठल्यावर तीन महिने त्यांचा हात थरथरत होता. तेव्हा त्यांच्या वाटचं एकूण एक माप याच पोरीने घेतलं होतं आणि साहेबांपर्यंत चकार शब्द पोचू दिला नव्हता. तिच्या घरी आई, शिकणारा भाऊ. तिला घरी बसवून आपण खुर्ची उबवायची? लेप बाजारात जायला अजून वर्ष आहे. तोवर ती आपला लेप सुधारून घेईल. पोरीचा हात चांगला आहे.

त्यांनी चिठ्ठ्या सोडल्या. बाराच्या बारा गाठी दुहेरी, सोडता सोडता नखं दुखून आली. मग पिवळ्यांच्या जागी निळ्या, निळ्यांच्या जागी पिवळ्या. निळ्यांना दुहेरी गाठ मारायला ते विसरले नाहीत.

विसाव्या दिवशी साहेबांनी पेटी उघडली. निळे तुकडे जिंकले. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला.

"असं कसं झालं?"

"तुझा लेप चांगला म्हणून झालं," मास्तर म्हणाले. "साहेबांना थँक्यू म्हण, वेडे!"

ती साहेबांकडे बघेचना. मास्तरांकडे बघत राहिली आणि एकदम रडायलाच लागली.

निरोपाच्या दिवशी तिने त्यांच्या हातात एक छोटा डबा ठेवला. आत हरलेल्यांपैकी एक तुकडा होता, लेप उतरवून आरशासारखा घासलेला.

"टेबलावर ठेवा. कागद उडणार नाहीत."

"हरलेला तुकडा देतेस होय गं?"

"हाताला धरून शिकवलंत, ते उपकार कसे फेडू, मास्तर? एकदा प्रयत्न केला, तोही तुम्ही फुकट घालवलात." ती डोळे पुसत हसली.

मास्तरांना काही उमगलं नाही, पण ते समाधानाने घरी आले. धाकटीची नोकरी राहिली. आणि लेप खरा आपलाच जिंकला, हे फक्त आपल्याला ठाऊक. तेवढं पुरे होतं. तिने निगुतीने घासलेला तो तुकडा त्यांनी टेबलावर ठेवला, मग तिचा नंबर बघावा म्हणून उलटा केला.

पाठीवर तिरका सात होता.

मास्तरांनी त्यावरून बोट फिरवलं. त्यांना त्या दिवशीच्या गाठी आठवल्या. बाराच्या बारा दुहेरी, त्यांच्या स्वतःच्या पिवळ्यांच्यासुद्धा. आणि आदला दिवस धाकटीचा होता.