पेराएवढा टाका

धामापुरात सुभद्राने शिवलेली गोधडी बायका उजेडात धरून बघत. तांदळाच्या कणीएवढा टाका, आणि ओळ कशी अगदी सुतात! त्या हाताची कीर्ती ऐकूनच खारेपाटणचं स्थळ चालून आलं. नवरा बिजवर, चार पोरांचा बाप, सुभद्राच्या वडिलांपेक्षा दोनच वर्षांनी धाकटा. घरचे तर 'हो' म्हणून मोकळेसुद्धा झाले होते.

नवऱ्याची आई सकाळच्या मोटारीने आली आणि पडवीत टेकताच म्हणाली, "माज्यासमोर चार ओळी घाल गो. लोकांच्या सांगण्यार माजो विश्वास नाय."

सुभद्राला वाटलं, भगवतीच पावली! तिने सुई घेतली आणि बोटाच्या पेराएवढे ढब्बू टाके घालत सुटली. दाराआडून आई डोळे वटारत होती, पण पोरीने मान वर केली नाही. चौथ्या ओळीला गाठ मारून तिने गोधडी म्हातारीपुढे सरकवली. महिन्याभरात पहिल्यांदाच तिला मोकळा श्वास घेता आला.

म्हातारीने आपल्या बोटाचं पेर पहिल्या टाक्यावर ठेवलं, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. चारही ओळी तिने तशाच मापल्या.



"इतके मोठे टाके, आणि एक पण उणो-अधिक नाय! मुद्दाम घातलंस मा गो?" म्हातारी हसली आणि आत बघून म्हणाली, "नारळ काढा. असलो हात मी सोडूचंय नाय."