जन्म लिस्बन
नवरा गेल्यावर महिन्यानं पॅरामॅटाच्या दफनभूमीत त्याच्या कबरीवर लेकीनं दगड बसवून घेतला. मला वाचता येत नाही, म्हणून पाथरवटाला विचारलं. “टायटस ग्रीव्ह, जन्म लिस्बन,” त्यानं वाचलं. टायटसनं पोर्तुगालमधलं ते लिस्बन कधी पाहिलंही नव्हतं. तो जमैकाच्या उसाच्या मळ्यातला काळा गुलाम. मुकादमावर कोयता उगारला म्हणून बेड्या घालून इथं ऑस्ट्रेलियात, कैद्यांच्या वसाहतीत आणलेला. मीही कैदीच, पण गोरी. मी लेकीला जाब विचारला. “आई, माझ्या पोरींची लग्नं व्हायची आहेत,” ती म्हणाली. “पोर्तुगीज म्हटलं की रंगाबद्दल कोणी विचारत नाही.” “आणि चाळीस वर्षं माझ्या शेजारी झोपला तो कोण होता?” मी पाथरवटाला सांगितलं, “माझाही दगड आत्ताच घडव, याच्या शेजारी बसवायला. त्यावर कोर, जमैकाच्या काळ्या कैद्याची बायको.” आठवड्याभरात लेकीनं माझ्यासाठी दूर सिडनीच्या दफनभूमीत जागा विकत घेतली.