हौसरावांचा यंदाचा फ्लेक्स

"त्या हौसरावाच्या तोंडाला भर चौकात काळं फासीन," अशी घनघोर प्रतिज्ञा हनुमंतानं केली. अर्थात दुकानाचं दार आतून लावून, फ्लेक्सच्या जुनाट मशीनसमोर. हौसरावांच्या गेल्या वाढदिवसाला मशीनचं काळी शाई सोडणारं हेड तुंबून फोटोवर पांढऱ्या रेघा उमटल्या, म्हणून त्यांनी हनुमंताला यवतच्या चौकात सगळ्यांदेखत थोबाडीत दिली होती.

यंदा तेच हेड गळायला लागलं. हनुमंतानं ते मुद्दाम पुसलं नाही. काळे ओघळ हौसरावांच्या फोटोवर पडू दिले आणि फ्लेक्स न बघताच गुंडाळून पाठवला.

फ्लेक्स लागला, तसे हौसराव तडक दुकानात आले. हनुमंतानं आधी गाल झाकला.

हौसरावांनी टोपी काढून टकलावरून हात फिरवला.

"फ्लेक्सवर केस लई झ्याक आल्यात रं. पुढच्या साली तेवढी मिशीबी काळी कर."