डोळे झाकून जावं असा डॉक्टर

कासवाने अकरा दिवस तोंडात काही घेतलं नव्हतं आणि त्याचे डोळे सुजून मिटले होते. काकू त्याला टोपलीत टॉवेलवर ठेवून सकाळपासून दवाखाने पालथे घालत होत्या. पहिल्या डॉक्टरने "आम्ही कुत्री-मांजरंच बघतो," म्हणून दारातूनच वाटेला लावलं. दुसऱ्याने हात न लावताच इंजेक्शन भरायला घेतलं, तेव्हा काकूंनी टोपली उचलून काढता पाय घेतला.

तिसरी डॉक्टर तरुण होती. तिने कवच बोटांनी चाचपलं, कासवाचं तोंड हलकेच उघडून पाहिलं आणि खुर्ची ओढून काकूंच्या शेजारी बसली.

"काकू, खोटं कशाला सांगू? मला यातलं फारसं कळत नाही. पण एक सर आहेत, आम्हाला कॉलेजात शिकवायला यायचे. साप असो की कासव, त्यांचा हात धरणारं कुणी नाही. दवाखाना घरीच आहे. डोळे झाकून जा."

तिने नाव-पत्ता लिहून चिठ्ठी काकूंच्या हातात दिली.



चिठ्ठीवर काकूंच्याच घराचा पत्ता होता. "हे जाऊन दोन महिने झाले गं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी कासवावरचा टॉवेल सारखा केला.