नावाचा चेंडू

चौऱ्याहत्तर साली घनसावंगीच्या शाळेत पाचवीचा पहिला दिवस होता. बाईंनी पोरांना गोलात उभं करून नावं सांगायला लावली आणि चिंध्यांचा चेंडू काढला. "ज्याच्याकडं फेकाल, त्याचं नाव घ्यायचं." चौथीपर्यंत गावच्या शाळेत बौद्धवाड्यातली म्हणून कौसल्याच्या हातची पाटीसुद्धा कुणी घेत नव्हतं. इथं चेंडू कुणी झेललाच नाही तर? तेवढ्यात तो तिच्याच हातात आला. तिनं समोरच्या पोरीकडं पाहिलं, "आसराबाई!" अशी हाक मारली आणि डोळे मिटून चेंडू फेकला. धप्प वाजलं. चेंडू मातीत होता. आसराबाईचे हात खालीच होते. मग आसराबाईनं वाकून चेंडू उचलला आणि छातीशी धरला. "मेंढरं वळणारीकडं कोण फेकणार, असं वाटून राह्यल्तं," ती पुटपुटली. "तुझं नाव परत सांग ना. भेवानं ऐकलंच न्हाई."