एकोणचाळीस ब्लँकेटं

"तारीख सांगा, ताई. आमच्याकडे आता ब्लँकेट शिंकलं तरी नोंद होते," कॉम्प्युटरवरचा ऑपरेटर म्हणाला आणि स्वतःच हसला.

मुलगी हसली नाही. तिने तारीख सांगितली. शेजारच्या खुर्चीत बाबा बसले होते, कामाच्या निळ्या डगल्यात, दोन्ही हात मांड्यांमध्ये धरून. ही लाँड्री त्यांच्याच कामाची जागा. तीन हॉस्पिटलांचे कपडे इथे धुतले जात, आणि सव्वीस वर्षं ते घड्या घालून, मोजून, ट्रॉल्या भरून देत आले होते. आज मात्र परक्या घरी आल्यासारखे खुर्चीच्या टोकावर टेकले होते. मुलीनेच त्यांना ओढून आणलं होतं.

तिच्या पर्समध्ये तक्रार अर्ज तयार होता, वॉर्ड सहाच्या सिस्टरविरुद्ध. दीड महिन्यापूर्वी आई त्या वॉर्डात वारली. आदल्या संध्याकाळपासून तिला हुडहुडी भरली होती. "अंगावर काहीतरी घाल गं," एवढंच ती म्हणत राहिली. सिस्टर म्हणाली, ब्लँकेटं लाँड्रीतून आलीच नाहीत. जन्मात कधी आवाज न चढवणारे बाबा तेव्हा तिच्यावर कडाडले होते, "आमच्याकडून गेलेली आहेत! तुम्हालाच कपाट उघडायचा कंटाळा!" शेवटी मुलीने आपला कोट आईच्या अंगावर घातला. पहाटे आई गेली.

"मला एवढंच छापून द्या," मुलगी ऑपरेटरला म्हणाली. "ट्रॉली इथून किती वाजता निघाली, तिथे किती वाजता पोचली. पुढचं मी बघते. नोकरी गेली तिची तरी चालेल."

"जाऊ दे ना आता," बाबा हळूच म्हणाले.

"तुम्ही बोलू नका हो, बाबा. तुम्ही सगळं जाऊच देता."

ऑपरेटरने चष्मा वर सरकवला. "सापडली. वॉर्ड सहा, ब्लँकेटं चाळीस. गेटवर आली दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. निघाली..." तो थांबला. "निघाली सात पन्नासला. दुसऱ्या दिवशी सकाळी."

"म्हणजे?"

"म्हणजे गेटने अडवली. प्रत्येक ब्लँकेटच्या दुमडीत चिप शिवलेली असते. ट्रॉली गेटमधून ढकलली की सगळ्या चिपा एकदम वाचल्या जातात. त्या दिवशी एकोणचाळीसच वाचल्या गेल्या. एखादं ब्लँकेट दमट राहिलं तर होतं असं. मग नियम असा, की ट्रॉली बाजूला घ्यायची, सगळी उतरवून एकेक तपासायची. अर्ध्या तासाचं काम आहे."

"आणि ते कोणी केलं नाही."

"नाही केलेलं दिसत."

बाबांचे हात मांड्यांमधून बाहेर आले होते. तीन दहा. ती ट्रॉली त्यांना आठवली. भरताना त्यांनी हाताने मोजली होती, चाळीस. त्यांची मोजणी कधी चुकली नव्हती. पण थोड्याच दिवसांपूर्वी मॅनेजर चारचौघांत म्हणाला होता, "काका, तुमच्या बोटांपेक्षा आपलं गेट हुशार आहे बरं का," आणि सगळे खो खो हसले होते. म्हणून त्यांनी गेटचं ऐकलं. ट्रॉली भिंतीला लावली. पुढच्या पाळीचे लोक बघतील, असं स्वतःला सांगितलं, डगला खुंटीला अडकवला आणि निघाले.

पूर्वी प्रत्येक ट्रॉलीवर खडूने वॉर्डाचा आकडा लिहीत. ते काम त्यांचंच होतं. अक्षर टपोरं होतं म्हणून. चिपा आल्या आणि खडू बंद झाला. कुठली ट्रॉली कुठे जायची ते आता गेटला ठाऊक असे, ढकलणाऱ्याला ठाऊक असायची गरज उरली नव्हती. भिंतीला लावलेली ती ट्रॉली त्यांच्या लेखी दिवसभरातल्या साठ ट्रॉल्यांपैकी एक होती.

"ज्याने बाजूला लावली, त्याचं नाव असेल ना यात?" मुलीने विचारलं.

"नाव नसतं, नंबर असतो. सतरा." ऑपरेटरची नजर एकदा बाबांकडे गेली आणि घाईघाईने पडद्यावर परतली. "पण नंबर बदलत राहतात, ताई. आता कोणाकडे असेल, काय सांगावं? सोडूनही गेला असेल तो माणूस."

हा पोरगा आपल्यासाठी खोटं बोलतोय, हे बाबांना कळलं. आता नुसतं उठायचं होतं. चल, उशीर झाला, म्हणायचं होतं.

मुलीने पर्समधून अर्ज काढला. वरचं सिस्टरचं नाव खोडलं. "उगाच त्या बाईच्या जिवावर उठले होते मी. आता या सतरा नंबरवाल्याविरुद्धच लिहिते. कुठे का असेना, शोधून काढीन. समोर उभा करीन आणि एकच विचारीन. माझी आई कुडकुडत होती, तेव्हा तू कुठे बसला होतास?"

"तिच्याजवळ," बाबा म्हणाले.

"कोण?"

"मी. सतरा नंबर माझा आहे." ते जमिनीकडे बघत होते. "भेटायची वेळ चारला सुरू व्हायची. सगळी उतरवून तपासली असती तर उशीर झाला असता गं."

ऑपरेटर उठून बाहेर गेला. भिंतीपलीकडे धुलाईची मशिनं फिरत होती. अर्ज मुलीच्या मांडीवरून घसरून खाली पडला. तो तिने उचलला नाही.

"आईने मला दोनदा सांगितलं होतं त्या दिवशी," ती म्हणाली. "आज हे लवकर आले म्हणून."