रायपूरची तारीख

"रायपूरले टीना जाणार नाई," निर्मलाबाई म्हणाली. "दुसरं काही असन तर बोला."

इंद्रकुमार वकिलाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. गोंदियाच्या कोर्टासमोर त्याचं ऑफिस, त्यात खुर्च्या कमी आणि फायली जास्त. समोर निर्मलाबाई, शेजारी टीना, टीनाच्या मांडीवर झोपलेली रेणू. सौंदडहून सकाळच्या गाडीने तिघी आल्या होत्या. धानाचा रोवणा अर्धा टाकून आल्या होत्या, म्हणून निर्मलाबाईचं डोकं आणखीच तापलेलं.

"काकू, मी कुठे जा म्हणतो? आज तोच तर अर्ज आहे," इंद्रकुमार म्हणाला. "वीरेंद्रने घटस्फोटाची केस रायपूरला टाकली. रायपूर पडलं दुसऱ्या राज्यात. तिथली केस इकडे आणायला नागपूरचं हायकोर्टही चालत नाही. ते फक्त दिल्लीचं सुप्रीम कोर्ट करू शकतं."

"लगनाचा कायदा कोठचा?"

"दिल्लीचा. सगळ्या देशाला एकच."

"मंग? तोच कायदा रायपूरले, तोच गोंदियाले. गोंदियाच्या जजाले वाचता येत नाई का?"

टीना हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

रायपूरला ती एकदा जाऊन आली होती. कोर्टाच्या फाटकाशी दोन माणसं आडवी आली. पोरगी सुखरूप घरी न्यायची असेल तर आल्या गाडीने परत जा, म्हणाली. पुढच्या तारखेला टीना गेली नाही. आता आणखी गेली नाही तर निकाल एकतर्फी लागणार. टीनानेच नवऱ्याला सोडलं, असं ठरणार. आणि रेणूचा ताबा वीरेंद्रने मागितला होताच. कोणी कोणाला सोडलं, हे सगळ्या सौंदडला ठाऊक होतं. टाइल्सच्या धंद्यासाठी रायपूरला गेलेला माणूस तिथेच दुसरं बिऱ्हाड मांडून बसला होता. पण सौंदडला ठाऊक असून काय उपयोग, रायपूरच्या जजाला ते सांगायला कोण जाणार?

"काकू, अर्जात तुमचं नाव टाकलं असतं तर बरं झालं असतं," इंद्रकुमार हळूच म्हणाला.

"कागदात कायले? कागद कोण वाचते? वेळ आली का तोंडानं सांगीन."

भिंतीला टेकून सुशिलाबाई नावाची एक पक्षकार बसली होती. तिची शेताच्या धुऱ्याची, म्हणजे बांधाची केस होती, आणि आपला नंबर येईपर्यंत तिला दुसऱ्यांच्या केसेस ऐकायच्या होत्या.

"लेकीची केस का, बाई?"

"माझ्या घरची आहे."

"जावई लोक असेच राहतात पाहा."

"जावई लोकाईले कायले नावं ठेवता? तो पोट्टाच तसा निंघाला."

सुशिलाबाईला यापुढे विचारायचं धाडस झालं नाही.

तेवढ्यात दिल्लीच्या कोर्टात टीनाच्या अर्जाचा नंबर लागला. संगणकाच्या पडद्यावर चौकोन उघडले. एकात दिल्लीचे न्यायाधीश, दोनांत दोन्हीकडचे दिल्लीचे वकील, एकात रायपूरच्या ऑफिसात बसलेला वीरेंद्र. टीनाने सवयीने डोक्यावर पदर ओढला. निर्मलाबाईने तो मागे सारला.

"राहू दे. साहेबाले तोंड दिसू दे. चोरी तू नाई केली."

मग ती पडद्याकडे बघत राहिली.

"लय वाळला," ती म्हणाली. "डब्याचं खात असन."

टीनाने खाली रेणूकडे पाहिलं. इंद्रकुमारनेही मान खाली घातली.

टीनाच्या वकिलाने सांगितलं, पोरगी लहान आहे, घरात पुरुष माणूस नाही, शेती तिच्याच अंगावर आहे, रायपूरला तिला धमकावलं आहे. समोरच्या वकिलाने हात जोडले आणि म्हणाला, बाईंना न्यायला-आणायला आम्ही मोटार पाठवू, पण आमचा अशील गोंदियाला जाऊ शकत नाही. त्याच्या जिवाला धोका आहे. पत्नीच्या बाजूच्या एका बाईने फोनवर धमकी दिली आहे की गोंदिया स्टेशनावर उतरलास तर तुझी तंगडी मोडीन.

न्यायाधीशांनी वीरेंद्रला थेट विचारलं, "सच है?"

"जी," वीरेंद्र म्हणाला आणि त्याने कान खाजवला.

"जिवाले धोका म्हणे! आता पाह्य," निर्मलाबाई पुटपुटली. "कान खाजवला का खोटं बोलते."

"कौन है वो औरत?"

"पत्नी की तरफ़ की है, साहब. बुज़ुर्ग है."

"बुज़ुर्ग औरत से जान का ख़तरा?"

"आप उनको जानते नहीं, साहब."

"आप जानते हैं? रिश्ते में क्या लगती है?"

वीरेंद्रने टेबलाकडे पाहिलं. पुन्हा कान खाजवला. त्याचा वकील काहीतरी बोलायला गेला, न्यायाधीशांनी त्याला थांबवलं.

निर्मलाबाई उठली. इंद्रकुमारने तिचा हात धरला, तिने तो सोडवला.

"आपला आवाज बंद आहे का चालू?"

"बंद आहे, काकू. असं मध्येच बोलता येत नाही."

"चालू करा."

इंद्रकुमारने टीनाकडे पाहिलं. टीनाने रेणूला छातीशी घट्ट धरलं आणि मान डोलावली. त्याने बटण दाबलं.

"साहेब, थे बाई मीच," निर्मलाबाई पडद्यात वाकून म्हणाली. "तंगडी मोडीन म्हटली होती. आजबी म्हणते. पोट्टीले रायपूरले बोलवू नका, यालेच गोंदियाले पाठवा. मी स्टेशनावर उभी राहते."

वीरेंद्रचा चौकोन एकाएकी काळा झाला. न्यायाधीशांच्या ओठांवर हसू आलं आणि गेलं.

"माताजी, आप लड़की की माँ हैं?"

"नाई, साहेब. तिची माय तर लगनाच्या आधीच गेली," निर्मलाबाईने काळ्या चौकोनावर बोट ठेवलं. "मी याची माय आहो."